हेगच्या निकालातला ‘सरंजाम’ : धुळ्यातील एका अभ्यासवर्गाविषयी

धुळ्यात देवपूर भागात आंतरराष्ट्रीय कायदा आणि राजनय या विषयाचा एक खासगी अभ्यासवर्ग दर रविवारी भरतो. फेब्रुवारी ते मे या काळात मी त्याचे १२ रविवार पूर्ण केले. वर्गाची वेळ सकाळी ९ ते १२.३०, शुल्क ३,५०० रुपये आणि एका तुकडीत जागा ३५. जाहिरात स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी असली तरी प्रवेश सर्वांना खुला आहे. मी अमळनेरला २२ वर्षे दिवाणी वकिली करतो. बांधाचे, वाटपाचे, वहिवाटीच्या रस्त्याचे दावे हे माझे रोजचे काम, त्यामुळे या विषयाशी माझा पोटापाण्याचा काही संबंध नाही. परंतु गेली काही वर्षे युद्धाच्या बातम्या रोज जेवणाच्या वेळी घरात येऊ लागल्या, आणि ‘बाबा, देशादेशांच्या भांडणाला कोर्ट नसते का?’ या मुलीच्या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यासाठी मी नाव नोंदवले. मला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

वर्गाचे मुख्य बलस्थान एका वाक्यात सांगता येईल : येथे विषयाबद्दलच्या नोट्स देत नाहीत, मूळ मजकूर वाचायला लावतात. करार म्हणजे कराराचे कलम, निकाल म्हणजे निकालाचा परिच्छेद. शिकवणारे निवृत्त प्राध्यापक आहेत. ते कागद हातात देतात, दहा मिनिटे शांतपणे वाचू देतात आणि मगच बोलायला सुरुवात करतात. पहिल्या रविवारी त्यांनी फळ्यावर फक्त मराठी शब्द लिहिले : तह, तहनामा, कौल, करारमदार, ओलीस, वकील. पेशव्यांचे दिल्ली दरबारातले वकील म्हणजे हिंगणे. ते कोर्टात उभे राहणारे वकील नव्हते, दुसऱ्या सत्तेच्या दारी आपल्या धन्याचा शब्द पोहोचवणारे दूत होते. आमच्या पेशाचे नावच मुळात राजदूताचे आहे, हे इतकी वर्षे काळा कोट घालूनही माझ्या कधी मनात आले नव्हते. हा विषय परका नाही, आपल्या भाषेने तो पूर्वी रोज हाताळला आहे, हे त्या एका फळ्यामुळे वर्गातल्या सर्वांना उमगले.

तिसरा आणि चौथा रविवार या वर्गाचा कळस होता. संपूर्ण शुल्क या दोन दिवसांसाठी द्यावे लागले असते तरी मी दिले असते. विषय होता पोर्तुगाल विरुद्ध भारत, म्हणजे दादरा आणि नगर हवेलीला जाण्यायेण्याच्या हक्काचा खटला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली. त्या मोहिमेत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसे होती, एवढे आपण सर्वांनी ऐकलेले असते. पुढची गोष्ट मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. पोर्तुगालला १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले, १९ डिसेंबरला त्याने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केल्याचे घोषणापत्र दिले आणि २२ डिसेंबरला भारताविरुद्ध दावा दाखल केला. दमणहून या दोन ठिकाणी जाण्यासाठी भारताच्या भूमीतून वाट मिळावी, अशी त्याची मागणी होती.

वहिवाटीच्या रस्त्याचा दावा ज्याने एकदा तरी चालवला आहे, त्याला हा खटला चटकन कळतो. आमच्याकडे शेताला जायला दुसऱ्याच्या शेतातून रस्ता असतो आणि तो अडवला की मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारापुढे अर्ज होतो. वाद बहुतेक वेळा रस्ता आहे की नाही एवढ्यावर मिटत नाही. पायवाट होती की गाडीवाट, बैलगाडी जायची म्हणून आता ट्रॅक्टरही जाऊ द्यायचा का, यावर खरी लढाई होते. हेगच्या न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात नेमका असाच विचार केला आहे. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांची ये-जा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ विनातक्रार चालू होती, तेव्हा १९५४ मध्ये तेवढा हक्क पोर्तुगालला होता, असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा हक्क मात्र नव्हता, कारण प्रत्येक वेळी त्यासाठी परवानगी घ्यावी लागत असे. हे ठरले ८ विरुद्ध ७ मतांनी, म्हणजे एका मताच्या फरकाने. आणि १९५४ च्या तणावात वाट बंद करताना भारताने आपली बंधने मोडली नाहीत, हे ९ विरुद्ध ६ मतांनी मान्य झाले. दोन देशांपुरती मर्यादित असलेली रूढीही कायदा ठरू शकते, हा सिद्धान्त जगभर आज याच निकालाच्या आधारे शिकवला जातो.

त्याहून मोलाचा भाग पुढे आहे. पोर्तुगालने आपल्या हक्काचे मूळ म्हणून मराठ्यांशी झालेला १७७९ चा पुण्याचा तह पुढे केला. त्या तहाच्या १७ व्या कलमाने आणि नंतरच्या सनदांनी ही गावे आम्हाला सार्वभौम हक्काने मिळाली, असे त्याचे म्हणणे होते. सरांनी निकालाचे ते पान आमच्या हातात दिले आणि एका शब्दाभोवती पेन्सिलने गोल करायला सांगितले. इंग्रजी मजकुराच्या मध्यभागी रोमन लिपीत तो शब्द उभा होता : सरंजाम. दरसाल १२,००० रुपये उत्पन्नाचा सरंजाम किंवा जहागीर दिली होती, प्रदेश तोडून दिला नव्हता, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला, आणि अशा देणगीचा अर्थ सार्वभौमत्वाचे हस्तांतर असा लावल्याचे एकही उदाहरण आपल्यासमोर आणले गेले नाही, असेही नोंदवले. अठराव्या शतकातल्या तहाची वैधता आजच्या पद्धतींनी जोखायची नसते, खुद्द मराठ्यांनी तो तह स्वतःवर बंधनकारक मानून पाळला होता, हेही त्याच निकालात आहे.

त्या पानावर आम्ही चाळीस मिनिटे घालवली. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल, त्यात जमिनीची मालकी धन्याकडेच राहते, हे आमच्यापैकी ज्यांनी जुनी कागदपत्रे पाहिली होती त्यांना लगेच कळले. नंदुरबारहून येणाऱ्या इतिहासाच्या एका शिक्षिकेने मिरासी, इनाम आणि सरंजाम यांतला फरक इतका सुबकपणे सांगितला की सरांनी खडू त्यांच्या हाती दिला. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड यांनी युक्तिवाद केला होता आणि न्यायाधीशांत भारताने नेमलेले एम. सी. छागला होते, हे वर्गाने वहीत उतरवून घेतले. माझ्या मनात राहिले ते निराळेच. एका मराठी शब्दाचा अर्थ लावण्यासाठी पृथ्वीवरील सर्वोच्च न्यायपीठ बसले होते आणि त्या अर्थाला निकालात वजन होते.

याच पद्धतीने सहाव्या रविवारी सुरक्षा परिषदेचा २४२ क्रमांकाचा ठराव वाचला. २२ नोव्हेंबर १९६७ च्या या ठरावात इस्रायलने अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी असे म्हटले आहे. ‘प्रदेशांतून’ म्हणजे सगळ्या प्रदेशांतून की काही प्रदेशांतून, हा वाद पन्नास वर्षांहून जास्त काळ चालू आहे, कारण इंग्रजी मसुद्यात त्या शब्दाआधी निश्चित उपपद, म्हणजे ‘the’, नाही आणि फ्रेंच मसुद्याचा अर्थ ‘ते प्रदेश’ असाही होतो. आम्हाला त्या ओळीचे मराठी भाषांतर करायला सांगितले. मराठीत असे उपपदच नसल्यामुळे ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ असे लिहिले की दोन्ही अर्थ आपोआप शाबूत राहतात, आणि एक अर्थ निवडायचा तर ‘सर्व’ किंवा ‘काही’ हा शब्द पदरचा घालावा लागतो. भाषांतर करणाराही कसा पक्षकार होऊन बसतो, हे इतक्या थोडक्यात मला आजवर कोणी दाखवले नव्हते.

सीमेच्या वादांसाठी कच्छचे रण आणि इजिप्त-इस्रायल सीमेवरील ‘ताबा’ नावाचे ठिकाण अशी दोन प्रकरणे एकाच दिवशी घेतली होती. १९६५ च्या जूनअखेर झालेल्या युद्धबंदी करारानुसार कच्छच्या रणाचा वाद तीन सदस्यांच्या लवादाकडे गेला. त्यात एक सदस्य भारताने सुचवलेला युगोस्लाव्हियाचा, एक पाकिस्तानने सुचवलेला इराणचा आणि अध्यक्ष स्वीडनचे गुन्नर लागरग्रेन. १९ फेब्रुवारी १९६८ च्या निवाड्यात सुमारे नव्वद टक्के भाग भारताला मिळाला आणि उरलेला पाकिस्तानला. संसदेत मोठे वादळ झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि सीमा निश्चित करणे म्हणजे प्रदेश देऊन टाकणे नव्हे, त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, असे १९६९ मध्ये मगनभाई पटेल यांच्या प्रकरणात ठरले. निवाडा भारताने पाळला. वीस वर्षांनी इजिप्त आणि इस्रायल यांच्यात सिनाईच्या टोकाला ताबा येथील चिमुकल्या पट्टीवरून सीमेच्या खांबांचा वाद झाला, तेव्हा त्या लवादाच्या अध्यक्षपदी पुन्हा लागरग्रेनच होते. १९८८ च्या निवाड्याने ताबा इजिप्तकडे गेला आणि १९८९ मध्ये इस्रायलने तो सोडलाही. मोजणीदाराने रोवलेला बांधाचा दगड रात्रीतून हलतो आणि त्यावरून सख्खे भाऊ पिढ्यान्पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात, हे मी जवळून पाहतो. त्यामुळे चार युद्धे लढलेल्या दोन देशांनी एका खांबाच्या जागेसाठी कागद आणि नकाशे घेऊन पाच माणसांसमोर बसावे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

सिंधू जलकराराचा रविवार वर्गातल्या शेतकऱ्यांचा ठरला. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत पंडित नेहरू, अयूब खान आणि जागतिक बँकेच्या वतीने इलिफ यांनी सह्या केल्या. रावी, बियास, सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब काही ठरावीक वापर वगळता पाकिस्तानकडे, एवढे पाठ्यपुस्तकात असते. आम्ही नववे कलम वाचले. मतभेद झाला तर आधी तो कायमस्वरूपी सिंधू आयोगापुढे ‘प्रश्न’ म्हणून जातो, तेथे सुटला नाही तर विशिष्ट तांत्रिक बाबींवरचा मतभेद तटस्थ तज्ज्ञाकडे आणि त्यापलीकडचा ‘तंटा’ लवाद न्यायालयाकडे. बगलिहार धरणाचा प्रश्न २००७ मध्ये तटस्थ तज्ज्ञाने सोडवला. किशनगंगेचा २०१३ मध्ये लवाद न्यायालयाने सोडवला आणि नदीत सेकंदाला किमान ९ घनमीटर पाणी सोडण्याचे बंधन घातले.

साक्रीकडून येणारे एक ज्येष्ठ शेतकरी, ज्यांना सारा वर्ग आप्पा म्हणत असे, त्या दिवशी प्रथमच बोलले. ‘नदी कोन्ही से, हाई सोडी द्या, मन्ही पायी कव्हय येई, ते सांगा,’ असे ते म्हणाले. नदीची मालकी राहू द्या, माझी पाळी केव्हा येणार तेवढे सांगा, असा त्याचा अर्थ. मग त्यांनी पांझरेच्या काठची फड पद्धत समजावून सांगितली : बंधारा, पाट, फड, प्रत्येक शेताला पाणी देणारा पाटकरी, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा व कोणता कोरडा ठेवायचा याचा सर्वांनी मिळून घेतलेला निर्णय. तुटीच्या वर्षी काय करायचे हे ज्याने भरपुराच्या वर्षीच ठरवून ठेवले, त्याची व्यवस्था टिकली, असे त्यांचे सांगणे होते. सरांनी ते वाक्य फळ्यावर तसेच लिहिले आणि त्याखाली ‘नववे कलम’ असे लिहिले. तीन युद्धांतून हा करार का तगला, याचे मला पटलेले उत्तर तेच आहे.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने हा करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले, हा विषयही वर्गाने टाळला नाही. शिकवणाऱ्याची परीक्षा अशाच वेळी होते. निरपराध माणसांच्या हत्येचा संताप वर्गात सर्वांना होता आणि सरांनाही होता. त्यांनी तो बोलू दिला आणि नंतर दोन कागद वाटले. एकावर कराराचे १२ वे कलम होते, ज्यानुसार दोन्ही सरकारांनी त्यासाठीच केलेल्या नव्या करारानेच हा करार संपू शकतो. दुसऱ्यावर करारांच्या कायद्यावरील १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे ६२ वे कलम होते, ज्यात परिस्थितीत मूलभूत बदल झाल्यास काय, याचा विचार आहे. भारत व्हिएन्ना कराराचा सदस्य नाही, तरी त्यातला बराच भाग रूढ कायदा मानला जातो, हेही त्यांनी सांगितले. दोन्ही बाजू मांडायला प्रत्येकाला तीन मिनिटे दिली. कोणाचाही आवाज चढला नाही.

दहाव्या रविवारी वाटाघाटींचा सराव झाला. १९७८ मध्ये इजिप्त आणि इस्रायल यांच्या कॅम्प डेव्हिडच्या वाटाघाटींत १३ दिवसांत एकाच मसुद्याच्या २३ आवृत्त्या झाल्या होत्या. त्या पद्धतीने दोन कल्पित देशांनी एका नदीचा तह करायचा होता. माझ्याकडे मध्यस्थाचे काम होते. एक बाजू ‘पाणी सोडील’ या शब्दांवर अडून बसली आणि दुसरी ‘पाणी सोडण्याचा प्रयत्न करील’ यापुढे सरकेना. पाचव्या मसुद्यात आम्ही ‘पाणी सोडील’ ठेवले आणि त्याआधी ‘धरणात ठरलेल्या पातळीइतका साठा असल्यास’ एवढे घातले, तेव्हा दोन्हीकडून सह्या झाल्या. तीन तास गेले. कोर्टात तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, मी शेकडो वेळा लिहिली आहे, पण अट कुठे ठेवली की दोन्ही पक्षकार मान वर ठेवून घरी जाऊ शकतात, हे मी एवढ्या जाणीवपूर्वक प्रथमच केले.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत गंभीर ही की युद्धकाळातील मानवतेच्या कायद्याला केवळ एक तास मिळाला. १९४९ चे चार जिनिव्हा करार, जखमी सैनिक, युद्धकैदी, वेढ्यात सापडलेले नागरिक, रुग्णालयांचे संरक्षण हे सगळे अकराव्या रविवारी पाहुण्या वक्त्याने घाईघाईने स्लाइडवर दाखवले. प्रश्नांना वेळ उरला नाही. आजच्या काळात वर्तमानपत्र उघडले की सर्वांत आधी हाच भाग लागतो, आणि माझ्या मुलीचा प्रश्नही मुळात अशाच बातम्यांतून आला होता. येथे मूळ कलमे वाचायला दिली नाहीत, हे मला फार लागले. या भागासाठी किमान दोन पूर्ण रविवार हवेत.

दुसरी उणीव छापील साहित्याची. झेरॉक्स प्रती इतक्या फिक्या होत्या की तळटिपा वाचता येत नव्हत्या, आणि कच्छ निवाड्याच्या माझ्या संचात मधली चार पाने नव्हती. कार्यालयात विचारले तेव्हा ‘ते परीक्षेला येत नाही’ असे उत्तर मिळाले. मजकूर वाचायला शिकवणाऱ्या वर्गाच्या कार्यालयात हे ऐकून वाईट वाटले. सरांनी पुढच्या रविवारी स्वतःची प्रत आणून दिली, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते, पण व्यवस्थेचे काम व्यक्तीच्या चांगुलपणावर सोडणे बरे नव्हे. शिवाय सर्व मजकूर इंग्रजीत असतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ३३ व्या कलमातील वाटाघाटी, चौकशी, मध्यस्थी, सलोखा, लवाद आणि न्यायनिवाडा या मार्गांचे मराठी पर्याय सर तोंडी सांगतात, ते छापून दिले पाहिजेत. आप्पांसारख्या माणसाला शेजारी बसून अर्थ सांगणारा मिळाला म्हणून निभावले. आणि ज्या शहरात इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आहे, त्या शहरात तहांवर बारा रविवार शिकवून एकदाही मोडी कागद प्रत्यक्ष दाखवायला नेऊ नये, ही संधी दवडल्यासारखे आहे.

खोलीत दोन पंखे आणि एक कूलर आहे. मे महिन्यात ते अपुरे पडतात, पाण्याची बाटली सोबत ठेवावी.

माझा स्वतःचा प्रश्न अंमलबजावणीचा होता. आमच्याकडे हुकूमनामा झाला तरी खरे काम दरखास्तीपासून, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जापासून, सुरू होते. मग हेगच्या हुकूमनाम्याची दरखास्त कुठे दाखल करायची, असे मी विचारले. सरांनी सनदेचे ९४ वे कलम दाखवले, ज्यानुसार जिंकलेला पक्ष सुरक्षा परिषदेकडे जाऊ शकतो, आणि लगेच निकाराग्वाचे उदाहरण दिले. १९८६ मध्ये अमेरिकेविरुद्ध निकाल लागला, निकाराग्वा परिषदेत गेला आणि अमेरिकेने नकाराधिकार वापरला. त्यांनी ही उणीव लपवली नाही किंवा सावरूनही घेतली नाही. मग कुलभूषण जाधव प्रकरणाचा १७ जुलै २०१९ चा निकाल वाचायला दिला. १५ विरुद्ध १ मतांनी न्यायालयाने पाकिस्तानने वकिलातीशी संपर्काचा हक्क डावलल्याचे ठरवले आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितले, सुटका मात्र सांगितली नाही. निकालात काय आहे आणि आपल्या मनाने त्यात काय घातले आहे, हे वेगळे काढायचा तो धडा मला कोर्टातही रोज उपयोगी पडतो आहे.

कोणासाठी हा वर्ग योग्य आहे? स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना तयार उत्तरे हवी असतील तर येथे निराशा होईल, पण निबंधासाठी आणि मुलाखतीसाठी मोठा फायदा होईल. इतिहास आणि नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनी आवर्जून जावे. दिवाणी काम करणाऱ्या वकिलांना तिसरा, चौथा आणि सीमेच्या वादांचा सातवा रविवार आपल्याच कामाचा वाटेल. अमळनेर किंवा साक्रीहून येणाऱ्यांनी सकाळची पहिली एसटी धरावी, कारण ९ वाजता मजकूर वाटला जातो आणि उशिरा आलेल्याला वाचनाची ती दहा मिनिटे परत मिळत नाहीत. जाताना संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची स्वतःची प्रत न्यावी. शुल्क दोन हप्त्यांत भरता येते.

वर दिलेल्या सूचना मी वर्गाच्या कार्यालयात लेखी दिल्या आहेत आणि मानवतेच्या कायद्याचा भाग वाढवण्याचे तोंडी आश्वासन मिळाले आहे. पुढील तुकडी दिवाळीनंतर सुरू होईल. तिसऱ्या रविवारी मुलीला सोबत घेऊन मागच्या बाकावर बसण्याची परवानगी मी मागितली आहे.